बारा हजारांचा सरंजाम

गेल्या मंगळवारी रात्री थीसिस सबमिट केला. हिरवी टिक आली तेव्हा इथे अकरा चाळीस झाले होते, म्हणजे डहाणूत पहाटेचे तीन दहा, तरी बाबा जागेच होते. मी "झालं" एवढंच टाकलं आणि लगेच त्यांचा रिप्लाय, "अडतिसावं पान घातलंस ना?" मला एकदम रडूच आलं. हे अडतिसावं पान काय आहे ते सांगण्यासाठीच आज लिहितेय, आणि वर्षभर जे जे लोक विचारत होते की इंटरनॅशनल लॉमध्ये एलएलएम म्हणजे नक्की काय शिकतात, वर्थ आहे का, त्यांनाही यातच उत्तर मिळेल.

आधी थोडं माझं. मी डहाणूची, एलएलबी पुण्यात केलं, मग तीन वर्षं पालघर आणि ठाण्याच्या कोर्टात एका सीनियरकडे ज्युनिअर होते. तारखा घेणं, वकीलपत्रं, सर्टिफाइड कॉप्या, आणि मुख्य म्हणजे जमिनीचे दावे, आमच्या भागात दुसरं असतंच काय. बाबा महसूल खात्यात, तलाठी म्हणून लागले आणि मंडळ अधिकारी म्हणून रिटायर झाले, त्यामुळे सातबारा, फेरफार, दुमाला (सरकारने जिचा वसूल दुसऱ्याला लावून दिला ती जमीन), खालसा (परत सरकारजमा) हे शब्द मी लहानपणापासून जेवताना ऐकत आलेय. पण मला हे सगळं सोडून कुठेतरी लांब जायचं होतं, युद्ध, समुद्र, देशांच्या सीमा असं काहीतरी मोठं शिकायचं होतं. एज्युकेशन लोन काढलं, त्यासाठी घराचे कागद बँकेत गेले, आणि नेदरलँड्समधल्या लायडन युनिव्हर्सिटीत एक वर्षाच्या पब्लिक इंटरनॅशनल लॉच्या एलएलएमला आले. (लोन आणि रूम शोधणं यावर वेगळी पोस्ट लिहीन. एका एजन्सीने डिपॉझिट घेऊन दीड महिना रूमच दिली नाही, तेव्हा इथे येणाऱ्यांनो, राहायची सोय निघायच्या चार-पाच महिने आधी बघायला लागा, हे आत्ताच सांगून ठेवते.)

आमची लॉ फॅकल्टी ज्या बिल्डिंगमध्ये आहे ती आधी फिजिक्सची लॅब होती, कामरलिंग ऑनस यांची, तिथेच त्यांनी १९०८ मध्ये हेलियम द्रवरूप केला आणि १९११ मध्ये सुपरकंडक्टिव्हिटी सापडली. युनिव्हर्सिटी १५७५ ची. ज्यांना आंतरराष्ट्रीय कायद्याचे जनक म्हणतात ते ह्युगो ग्रोशियस वयाच्या अकराव्या वर्षी इथे शिकायला आले होते. पहिल्या आठवड्यात ग्रोशियसच ग्रोशियस. १६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ सांता कातारिना नावाचं पोर्तुगीज जहाज पकडलं, डच ईस्ट इंडिया कंपनीला ते कायद्याने योग्य ठरवायचं होतं, त्यातून ग्रोशियसचं समुद्र सगळ्यांना खुला आहे हे मांडणारं लिखाण आलं. तेव्हा मी हे फक्त नोट्समध्ये लिहून घेतलं. पकडलेलं पोर्तुगीज जहाज आपल्याही गोष्टीत पुढे येणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

पहिलं सेमिस्टर मला जड गेलं. इंटरनॅशनल कोर्ट ऑफ जस्टिस (आयसीजे, देशादेशांमधले वाद चालवणारं हेगचं कोर्ट) ज्या नियमांवर चालतं त्या स्टॅट्यूटचं कलम ३८ हा सगळ्याचा पाया, म्हणजे कायदा येतो कुठून, तर करारांतून, देशांच्या रूढींतून, कायद्याच्या सर्वसाधारण तत्त्वांतून, आणि मदतीला कोर्टाचे निकाल आणि विद्वानांचं लिखाण. इथे संसद नाही, पोलीस नाही, समन्स बजावायला बेलीफ नाही, देशाने संमती दिली नसेल तर कोर्टात ओढताही येत नाही. ट्रायल कोर्टातून आलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. आणि केसेस तर काय, १९२७ ची लोटस म्हणजे फ्रेंच आणि तुर्की जहाजांची टक्कर, १९४९ ची कॉर्फू चॅनल म्हणजे ब्रिटिश युद्धनौका आणि अल्बेनिया, १९५५ ची नॉटेबोम म्हणजे लिक्टनस्टाइन. मी वाचत होते, समजत होतं, पण आपण दुसऱ्याच्या घरी जेवायला बसलोय आणि कुणी नावाने हाक मारत नाहीये असं वाटत राहायचं.

डिसेंबरमधल्या पहिल्या पेपरला मला दहापैकी सहा पडले, इथे सहा म्हणजे जेमतेम पास. फीडबॅकमध्ये सरांनी एकच वाक्य लिहिलं होतं, या केसबद्दल लोक काय म्हणाले ते तुम्ही छान सांगितलंत, तुम्ही स्वतः केस वाचली होती का? मी वाचली नव्हती. पुस्तकातला सारांश वाचला होता, दोन लेख वाचले होते. वकिली करताना सीनियर मला ऑर्डरचा प्रत्येक शब्द वाचायला लावायचे आणि इथे येऊन मी हेडनोटवर, म्हणजे निकालाच्या सारांशावर, भागवत होते. जानेवारीपासून ठरवलं, कुठलाही निकाल पूर्ण वाचल्याशिवाय त्यावर एक ओळ लिहायची नाही.

म्हणून दर शनिवारी हेग. लायडनहून ट्रेनने जेमतेम पंधरा मिनिटं, मग ट्राम, आणि मग पीस पॅलेस. बघायला किल्ल्यासारखी विटांची इमारत, मनोऱ्यावर घड्याळ, अँड्र्यू कार्नेगीने दिलेल्या पंधरा लाख डॉलर्समधून बांधलेली, १९१३ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. आत दोन वेगवेगळ्या संस्था आहेत, जगाचं कोर्ट म्हणतात ते आयसीजे आणि त्याहून जुनं परमनंट कोर्ट ऑफ आर्बिट्रेशन, आणि शेजारी लायब्ररी. आंतरराष्ट्रीय कायद्यासाठी जगातल्या सगळ्यात मोठ्या लायब्ररींपैकी ही एक. वाचनकक्षात इतकी शांतता असते की बॅगेची चेन उघडायलाही जीव होत नाही.

आपल्याकडे हेग म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात आणि दोन्ही बरोबरच आहेत. एक सावरकर. ८ जुलै १९१० ला मार्सेलिसला त्यांनी मोरिया बोटीतून उडी मारली, किनारा गाठला, फ्रेंच शिपायाने धरून परत ब्रिटिशांच्या ताब्यात दिलं, आणि मग फ्रान्स म्हणाला आमच्या भूमीवरून नेलंत, परत करा. हा वाद हेगला पाच लवादांपुढे आला, २४ फेब्रुवारी १९११ ला निवाडा झाला, तेव्हा पीस पॅलेस अजून बांधून व्हायचा होता. शाळेत आपल्याला उडी शिकवतात, निवाडा नाही शिकवत. लवाद म्हणाले की अटकेत आणि ताब्यात देण्यात अनियमितता झाली हे खरं, पण दुसऱ्या देशाच्या माणसाने चुकून कैदी हवाली केला म्हणून तो परत केलाच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय कायद्यात कुठला नियम नाही. वाचताना पोटात कालवतं. बोलायला दोन साम्राज्यं होती, ज्याच्याबद्दल चाललंय तो माणूस पक्षकारच नव्हता. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी मी परत इथेच येणार आहे.

दुसरी गोष्ट कुलभूषण जाधव. १७ जुलै २०१९ ला निकाल लागला तेव्हा मी कॉलेजला होते, आम्ही कॅन्टीनमध्ये मोबाईलवर लाइव्ह बघत होतो, १५ विरुद्ध १, हरीश साळव्यांनी एक रुपया फी घेतली, सगळं आठवतं. पण तेव्हा आम्हाला वाटलं होतं की आता सुटलेच. प्रत्यक्षात कोर्टाने सुटका करा असं म्हटलेलंच नाही. वकिलातींच्या संबंधांवरच्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ प्रमाणे त्यांना भारतीय वकिलातीशी संपर्क करू द्यायला हवा होता, तो दिला नाही, हा भंग झाला, आता पाकिस्तानने शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा आणि तोवर फाशी थांबवावी, एवढंच. "आपण जिंकलो" आणि "ते घरी आले" यांच्यामध्ये केवढी मोठी दरी आहे आणि त्या दरीचं कारण काय, हे मला इथे येऊन कळलं.

आता तिसरी. फेब्रुवारीतला शनिवार होता, बाहेर आडवा पाऊस, इथला वारा छत्री टिकू देत नाही. रूढी या विषयावर असाइनमेंट होती आणि यादीत एक केस होती, राइट ऑफ पॅसेज, म्हणजे जाण्या-येण्याच्या वाटेचा हक्क, पोर्तुगाल विरुद्ध भारत, १९६०. आमच्या पुस्तकात तिला एक परिच्छेद, की फक्त दोन देशांमध्येसुद्धा स्थानिक रूढी तयार होऊ शकते, बस. वर्गातही तेवढंच झालं. पण माझा नियम होता पूर्ण वाचायचं, म्हणून मी कोर्टाच्या निकालांच्या रिपोर्ट्सचा त्या वर्षीचा खंड काढून घेतला. या खंडांमध्ये डाव्या पानावर फ्रेंच आणि उजव्या पानावर इंग्रजी असतं, दोन्हीला पान नंबर एकच. मी उजवी पानं वाचत चालले होते. दादरा, नगर हवेली, दमण. इथेच मी सावरून बसले, कारण हे तर आमच्या शेजारचं. तलासरीवरून नगर हवेलीतलं सिल्वासा असं कितीसं लांब, लहानपणी आम्ही जीप करून खानवेलला जायचो, मधे कुठे बॉर्डर लागायची ते कळायचंही नाही, फक्त आई म्हणायची आता आपण दुसऱ्या राज्यात आलो.

आणि मग अडतिसाव्या पानावर तो शब्द आला. सरंजाम. रोमन लिपीत, जगाच्या कोर्टाच्या निकालात. मराठ्यांनी पोर्तुगीजांना जे दिलं ते सार्वभौमत्व नव्हतं, तो वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाचा महसुली हक्क होता, ज्याला जहागीर किंवा सरंजाम म्हणतात, असं तिथे लिहिलेलं. मी ते वाक्य किती वेळा वाचलं मला माहीत नाही. शेजारचा मुलगा माझ्याकडे बघायला लागला, बहुतेक मी मोठ्याने वाचलं असावं.

प्रकरण थोडक्यात असं. पेशव्यांच्या आरमाराने १७७२ च्या सुमारास पोर्तुगीजांचं सांताना नावाचं जहाज धरलं, त्याची भरपाई म्हणून पुढे १७७९ चा करार झाला असं सांगतात (बघा, परत पोर्तुगीज जहाज). सवाई माधवरावांचा काळ, कारभार नाना फडणविसांचा, इंग्रजांशी लढाई चालू, पोर्तुगीजांशी सलोखा हवा होता. कराराच्या कलम १७ प्रमाणे नगर हवेलीतली गावं लावून दिली, त्याच्या सनदा १७८३ आणि १७८५ मध्ये निघाल्या. पुढे मराठी राज्य गेलं, इंग्रज आले, इंग्रजांनी पोर्तुगीजांना तिथले मालक म्हणून वागवलं, मग स्वतंत्र भारत आला. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी दादरा आणि मग नगर हवेली मुक्त केली, आझाद गोमंतक दलाचे लोक होते, संघाचे होते, आपले बाबूजी सुधीर फडकेसुद्धा त्यात होते. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या दमणहून तिथे जायचं तर भारतातून जावं लागतं आणि भारताने वाट बंद केली. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ ला युनोचा सभासद झाला, १९ तारखेला त्याने आयसीजेचं अधिकारक्षेत्र मान्य केलं आणि २२ ला भारतावर केस टाकली. आठ दिवस! आधी अधिकारक्षेत्रावरच भांडण झालं, त्यावर १९५७ मध्ये निकाल, आणि मूळ मुद्द्यावर १२ एप्रिल १९६० ला. भारताच्या बाजूने ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड उभे, आणि बेंचवर भारताने नेमलेले ॲड हॉक, म्हणजे त्या केसपुरते, न्यायाधीश होते एम. सी. छागला, आपल्या मुंबई हायकोर्टाचे माजी चीफ जस्टिस.

त्या रात्री रूमवर आल्यावर मी घरी फोन लावला. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, तिकडे बारा वाजून गेलेले, आईने घाबरूनच उचलला. म्हटलं बाबांना दे.

"बाबा, सरंजाम म्हणजे काय?"

"तुला तिकडे कुठे भेटला सरंजाम?"

"हेगच्या कोर्टाच्या निकालात."

ते जरा वेळ गप्प होते. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, म्हणजे नीट बसले. "हे बघ, दुमाला जमिनी. गाव नमुना तीन. सरंजाम म्हणजे इनाम वर्ग एक, राजकीय. त्यात जमीन देत नाहीत गं, जमिनीचा वसूल देतात. गाव सरकारचंच राहतं. त्याचं उत्पन्न तू खा, बदल्यात फौज ठेव, चाकरी कर. सरकारची मर्जी फिरली की खालसा. बावन्न साली तर सगळेच सरंजाम खालसा करायचे नियम आले."

मी खंडातल्या पानाचा फोटो काढून आणला होता, तो समोर ठेवून ऐकत होते. कोर्टाचं म्हणणं पण तेच. मराठ्यांना जेव्हा खरोखर मुलूख कायमचा तोडून द्यायचा असायचा तेव्हा ते तसे शब्द वापरायचे, कायमचा, निरंतर सार्वभौम असं स्पष्ट लिहायचे, आणि तसे करार कोर्टापुढे आलेही होते. इथे ते शब्द नाहीत. आणि सरंजाम दिला म्हणजे मुलूख दिला असा अर्थ कुणी कधी लावल्याचं एकही उदाहरण कुणी दाखवू शकलं नाही. बाबांना हे मराठीत वाचून दाखवलं तर म्हणाले, "बरोबर आहे. सनद वाचताना काय लिहिलंय तेवढंच बघायचं नसतं, काय नाही लिहिलेलं तेही बघायचं असतं." हे वाक्य मी थीसिसच्या अर्पणपत्रिकेत टाकलंय, मराठीत, देवनागरीत, खाली भाषांतर न देता.

एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी, कारण फॅमिली ग्रुपवर मी हे टाकल्यावर काकांनी लगेच "म्हणजे पोर्तुगीज हरले" असं करून टाकलं. तसं नाहीये. भारताचं म्हणणं होतं की १७७९ चा करार नीट झालेलाच नाही, ते कोर्टाने ऐकलं नाही. अठराव्या शतकातला करार त्या काळच्या हिंदुस्थानातल्या परिस्थितीत बघायचा, आजच्या पद्धतीची मोजपट्टी त्याला लावायची नाही, मराठे स्वतः तो करार बंधनकारक मानत होते आणि पुढच्या कागदांत त्याचा उल्लेख करत होते, म्हणून करार वैध. मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. कोर्ट पेशव्यांच्या दप्तराला कागद म्हणून मान देतं, करार करू शकणारं एक राज्य म्हणून मान देतं. मद्रास विद्यापीठात शिकवणारे पोलंडचे प्रोफेसर चार्ल्स अलेक्झांड्रोविच हेच सांगत राहिले की एकोणिसाव्या शतकाच्या आधी आशियातली राज्यं आणि युरोपातली राज्यं बरोबरीने करार करत होती, ही बरोबरी नंतर पुसली गेली.

पुढे कोर्ट म्हणालं की इंग्रजांच्या काळात चित्र बदललं, त्यांनी पोर्तुगीजांचं सार्वभौमत्व धरून चालवलं, सव्वाशे वर्षं सामान्य लोक, मुलकी अधिकारी आणि माल यांची ये-जा अडथळ्याशिवाय चालली, म्हणून तेवढ्यापुरता हक्क पोर्तुगालला १९५४ मध्ये होता, ११ विरुद्ध ४. पण सैन्य, सशस्त्र पोलीस, हत्यारं यांचा हक्क नव्हता, कारण त्यांना दर वेळी परवानगी घ्यावी लागायची, ८ विरुद्ध ७. आणि त्या वेळच्या तणावात भारताने वाट बंद केली त्यात भारताची चूक नाही, ९ विरुद्ध ६. म्हणजे हक्क आहे पण भंग नाही. सैन्याच्या मुद्द्यावर तर एका मताने इकडचं तिकडे झालं असतं. आणि या सगळ्यात तिथली प्रत्यक्ष सत्ता तर १९५४ पासून पोर्तुगालकडे नव्हतीच, वरिष्ठ पंचायत कारभार बघत होती, ११ ऑगस्ट १९६१ ला दादरा-नगर हवेली भारतात विलीन झाली.

असाइनमेंटला आठ मिळाले. पण मला आता ते सोडवेना, म्हणून थीसिसचा विषयच हा घेतला, की वेगवेगळ्या भाषांत असलेला जुना करार कोर्टाने कसा वाचायचा. अडतिसाव्या पानावरच एक शब्दप्रयोग आहे, कलम १७ चे "विविध मजकूर" कोर्टापुढे ठेवले गेले आणि त्यांवरून सार्वभौमत्व दिल्याचं म्हणता येत नाही. विविध मजकूर! म्हणजे एकाच कलमाचे एकमेकांशी न जुळणारे मजकूर पुढे आलेले, आणि न्यायाधीशांना ते वाचून ठरवायचंय. वसूल, अंमल, मुलूख, सनद, यांतला एक शब्द इंग्रजीत जरा सैल झाला तरी अख्खा देश इकडचा तिकडे होतो.

हे मी आमच्या सेमिनारमध्ये मांडलं तेव्हा अदिस अबाबाहून आलेली माझी मैत्रीण एकदम म्हणाली, आमचंही कलम १७ च आहे. मला वाटलं ती गंमत करतेय. तिने सांगितलं, १८८९ चा वुचाले करार, इटली आणि सम्राट मेनेलिक दुसरे. अम्हारिक प्रतीत कलम १७ म्हणतं की परराष्ट्र व्यवहारासाठी इथिओपिया इटलीची मदत घेऊ शकतो. इटालियन प्रतीत त्याचा अर्थ होतो, घेतलीच पाहिजे. त्या एका क्रियापदावर इटलीने अख्खा इथिओपिया आपल्या संरक्षणाखाली असल्याचं जाहीर केलं, मेनेलिकनी करार झुगारला, आणि ते १ मार्च १८९६ ला अडवाच्या लढाईपर्यंत गेलं, तिथे इटलीचा मोठा पराभव झाला. तिच्या शाळेत हे कलम पाठ करून घेतात. न्यूझीलंडचा मुलगा मग वैतांगीच्या १८४० च्या करारावर बोलला, की इंग्रजीत सार्वभौमत्व आणि माओरीत "कावानातांगा", म्हणजे साधारण कारभार बघण्याचा हक्क. त्या दिवशी सेमिनारचे दोन तास संपले तरी आम्ही सगळे बाहेर कॉरिडॉरमध्ये उभे राहून बोलत होतो, कुणी घरी जायला तयार नाही, आणि मला त्या वर्षात पहिल्यांदा वाटलं की हे माझंही घर आहे.

आज यासाठी करारांच्या कायद्यावरचं १९६९ चं व्हिएन्ना कन्व्हेन्शन आहे, कलम ३३, दोन्ही भाषांतल्या प्रती सारख्याच अधिकृत असतील तर सारख्याच ग्राह्य, फरक सापडला तर कराराच्या हेतूला धरून दोन्हींचा मेळ घालायचा. छान नियम आहे. पण जुन्या करारांना तो सरळ लावता येत नाही, आणि मेळ घालायला आधी दोन्ही भाषा वाचता याव्या लागतात, हे तर कुठल्याच कलमात लिहिलेलं नसतं. पुण्यातल्या एका मैत्रिणीने मोडी शिकलीय, तिच्याशी मार्चभर व्हिडिओ कॉलवर बसून पेशवेकालीन सनदांची भाषा समजून घेतली. गोव्याच्या दप्तरखान्यात आयुष्य घालवलेल्या डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी मराठे-पोर्तुगीज संबंधांवर केवढं काम करून ठेवलंय ते बघून हात जोडावेसे वाटले. कायदा शिकणाऱ्या मराठी मुलांनो, मोडी शिका. मी मनापासून सांगतेय. मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही येणारा वकील या विषयात सोन्यासारखा आहे.

एप्रिलमध्ये ड्राफ्ट गाईडना दिला. मला वाटलं होतं खूश होतील. झाल्याही, पण म्हणाल्या, सगळं राज्यांबद्दल आहे, त्या गावांत राहत कोण होतं? मी तोंड उघडलं आणि मला काही बोलताच येईना. मी डहाणूची. मला माहीत आहे तिथे कोण राहतं. वारली, धोडिया, कोकणा. माझ्या शाळेत माझ्या बाकावर बसणारी मुलगी वारली होती, तिची मावशी खानवेलकडची. चाळीस पानांचा निकाल मी दहा वेळा वाचला आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नाही, मला सरंजाम या शब्दाचाच इतका अभिमान वाटत होता.

परत फोन. बाबांना सांगितलं की बाई असं विचारतायत. ते म्हणाले, "अगं साधं आहे. बारा हजार वसूल. वसूल कुणाकडून?"

मग मी परत सगळं वाचलं, त्या डोळ्यांनी. पेशव्यांनी बारा हजार दिले म्हणजे कुणाचे दिले, जे रान तोडून नागली-वरई पिकवत होते त्यांचे. करार पुणे आणि गोवा यांच्यात, केस दिल्ली आणि लिस्बन यांच्यात. ज्यांच्या वाटेवरून ये-जा करायची त्या हक्काचा वाद, ते वाट वापरणारे कुठे एका ओळीतही बोलत नाहीत. कोर्टाचा दोष आहे असंही मी म्हणत नाही, आयसीजेपुढे फक्त देश उभे राहू शकतात, तसा स्टॅट्यूटच आहे, कलम ३४. मार्सेलिसला सावरकर जसे त्या निवाड्यात पक्षकार नव्हते तसेच. पण एवढा मोठा कायदा शिकताना ही रिकामी जागा दिसायला मला एप्रिल उजाडावा लागला. शेवटचं प्रकरण मी फाडून नव्याने लिहिलं, मे आणि जून त्यातच गेले, आणि ते अपुरं आहे हे मला माहीत आहे, कारण त्या लोकांच्या आठवणी पीस पॅलेसच्या लायब्ररीत नाहीत. त्या नगर हवेलीत आहेत.

वर्थ आहे का म्हणाल तर, लोन फेडायला वर्षं जातील, युनोत नोकरी लागेल असं समजून येऊ नका, त्या जागा मोजक्या आणि अर्ज करणारे जगभरचे. मी परत पालघरलाच प्रॅक्टिस करणार आहे. पण मला परत विचारलं तरी मी येईन.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात घरी पोचतेय. बाबांनी अडतिसाव्या पानाची मोठ्या अक्षरातली प्रिंट मागितलीय, त्यांना चष्म्यानेही बारीक दिसत नाही आता. पाऊस जरा ओसरला की आम्ही दोघं खानवेलला जाणार आहोत, माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या मावशीकडे. मावशीच्या सासूबाई नव्वदीच्या आहेत, पोर्तुगीज गेले तेव्हा त्या जाणत्या होत्या म्हणे, आणि त्यांना वारलीच नीट येते, म्हणून मैत्रीणही येतेय बरोबर, भाषांतर करायला.